पवनाकाठची एक रात्र आणि तंबूच्या धंद्याचा धडा

व्यापारी माणूस सहलीला गेला तरी त्याचे डोळे दुकानातच असतात, असे म्हणतात. आमच्या बाबतीत ते अगदी खरे ठरले. मागच्या ऑक्टोबरात आम्ही हिंजवडीहून पवना धरणाच्या काठी गेलो, वाटेत तिकोना किल्ला चढलो, गळ टाकून बसलो आणि रात्र तंबूत काढली. पण ही सारी हौस नव्हती. ज्या तंबूत आम्ही झोपलो तो आमच्याच कापडाचा, आमच्याच कारागिराने शिवलेला आणि गिऱ्हाइकाने ‘गळतो’ म्हणून परत पाठवलेला तंबू होता. त्या एका रात्रीत आम्ही जे शिकलो ते तीस वर्षे गादीवर बसून शिकलो नव्हतो. आपल्या बांधवांपैकी अनेकजण कापड, शिवणकाम, मंडप आणि ताडपत्रीच्या धंद्यात आहेत, म्हणून ही हकीकत येथे मांडत आहोत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी आम्ही गिऱ्हाइकांकडून शिकलो. भाषेत चूकभूल आढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ऑर्डर कशी आली

आमचा एक भाचा हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला आहे. शनिवार आला की त्याच्या कचेरीतली मुले-मुली पवनेच्या काठी तंबूत राहायला जातात. एकदा तो म्हणाला, “मामू, तिथे शेकड्याने तंबू लागतात. एवढे कापड विकता, मग हे तंबू तुम्हीच का शिवत नाही?” त्याच्याच ओळखीने एका कॅम्पवाल्याची ऑर्डर मिळाली. चार माणसांचे तीस तंबू, निम्मे पैसे आगाऊ, निम्मे माल पोचल्यावर महिन्याने. लिखापढी काही नाही, जबान हाच करार.

शिवणकाम आम्ही आमच्या जुन्या खलीफाकडे दिले. त्यांच्या घरात तीन पिढ्या कनाती, शामियाने आणि छताच्या झालरी शिवल्या जातात. पाच मशीन आहेत, त्यांवर दोन मुलगे, एक जावई आणि दोन कारागीर बसतात. सप्टेंबरअखेर माल गेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परतीचा पाऊस झाला आणि तीसपैकी अकरा तंबू टेम्पोत घालून परत आले. कॅम्पवाल्याने उरलेले पैसे रोखले.

आणि आम्ही काय केले? बहुतेक व्यापारी करतात तेच केले. खलीफाची उरलेली मजुरी अडकवली. शिवण गळते म्हणजे दोष शिवणाऱ्याचा, असा आमचा साधा हिशेब होता. खलीफा भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, “शेठ, एक रात्र त्यात झोपून बघा. मग हिशेब करू.”

हिंजवडीहून निघताना

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले गाव. इथे भात आणि ऊस पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. नव्वदीच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे केले आणि गावाचा नकाशाच बदलला. देशभरातून आलेला तरुण नोकरदार येथे आठवड्याचे पाच दिवस थंड हवेच्या कचेरीत आणि वाहनांच्या कोंडीत काढतो. सहाव्या दिवशी त्याला झाड, पाणी आणि उघडे आभाळ हवे असते. अगदी जवळ नेऱ्याच्या पुढे कासारसाईचे धरण आहे. तेथे दोन-चार तासांसाठी जाणारे पुष्कळ. मुक्कामाला जाणारे मात्र पवना किंवा मुळशी गाठतात. आमच्या दृष्टीने हीच बाजारपेठ होय. हिच्यासाठी कोणी जाहिरात केली नाही, ती थकव्यातून निर्माण झाली आहे.

आम्ही शनिवारी पहाटे निघालो. आम्ही, खलीफा आणि भाचा असे तिघे. गाडीच्या मागे परत आलेल्या अकरांपैकी एक तंबू. माण, घोटावडे, पौड आणि तेथून कोळवणच्या बाजूने तिकोना पेठ, अशी दीड-दोन तासांची वाट. दोन्ही अंगांना भाताची खाचरे निसवलेली होती. मुळशीचा आंबेमोहोर पूर्वीपासून नावाजलेला. मावळात आता इंद्रायणी भात जास्त दिसतो. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने काढले आहे. रस्त्यालगत मध्येमध्ये हाताने रंगवलेल्या पाट्या होत्या: ‘तंबू, जेवण, बोटिंग’.

तिकोन्यावरून काय दिसले

तिकोना म्हणजे तीन कोनांचा डोंगर. त्याला वितंडगड असेही म्हणतात. उंची सुमारे साडेतीन हजार फूट. पेठ गावातून वर जायला आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दीड तास पुरतो. वाटेत चपेटदान मारुतीची मूर्ती आहे, पुढे कातळात खोदलेले लेणे आणि पाण्याचे टाके आहे. शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या इतक्या उंच आणि उभ्या आहेत की गुडघे हाताने उचलावे लागतात. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे २३ किल्ले मोगलांना दिले, त्यांत लोहगड, विसापूर आणि तुंगबरोबर हा तिकोनाही होता. लोहगडाचे नाव तर २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आहे. त्यामुळे या भागात येणाऱ्यांची वर्दळ पुढे वाढेल, असे समजायला हरकत नाही.

खलीफा खाली चहाच्या टपरीवर थांबले. आम्ही भाच्याचा खांदा धरत माथ्यावर पोचलो. महादेवाच्या मंदिराजवळ उभे राहिले की पवनेचे सारे पाणी हाताच्या पंजासारखे पसरलेले दिसते, पलीकडे तुंगचा सुळका, उत्तरेला लोहगड-विसापूर. काठावर तंबूंचे ठिपके होते, निळे, केशरी, हिरवे. भाच्याने बोट दाखवून आमच्या गिऱ्हाइकाची जागा सांगितली. ती पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर होती. तीन बाजूंनी पाणी, एक झाड नाही, एक बांध नाही. शेजारच्या खोबणीत, टेकडीच्या आडोशाला असलेल्या कॅम्पात झाडे होती. वर आम्हाला टोपी धरावी लागत होती इतका वारा होता. आम्ही दुकानात बसून तंबूचे माप घेतले, पण जागेचे माप घेतले नव्हते. मंडपवाला खड्डा खणण्याआधी मैदान पाहून येतो. कापड विकणाऱ्याला तेवढीही तसदी घ्यावीशी वाटली नाही.

या पाण्याची किंमत

येथे थोडे थांबून या पाण्याविषयी सांगितले पाहिजे. पवना धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरे झाले. मातीचे धरण, उपयुक्त साठा सुमारे साडेआठ टीएमसी. येथून सोडलेले पाणी नदीने वाहत रावेतला जाते आणि तेथे उचलून पिंपरी-चिंचवडच्या नळांना मिळते. म्हणजे काठावर आपण जे टाकतो ते अखेर कोणाच्या तरी घागरीत जाते.

या पाण्याखाली अनेक शेतकऱ्यांची जमीन गेली. पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला. धरणातून शहराकडे बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी ठार झाले. आज त्याच गावांतली मुले कॅम्प चालवतात, भाकरी-भात पुरवतात, होडी वल्हवतात. तंबू ही त्यांच्या दृष्टीने गंमत नसून रोजी आहे. तंबू गळला तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, हे त्यांचे म्हणणे आम्हाला दुकानात बहाणा वाटले होते. काठावर उभे राहिल्यावर तसे वाटेना.

गळ, जाळे आणि सूत

दुपारी तंबू ठोकून झाल्यावर एक मच्छीमार दादा भेटले. टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी बांधून ते पाण्यात जातात आणि जाळी लावून येतात. आमची नजर माशांच्या आधी जाळ्यावर गेली. नायलॉनच्या एकेरी तारेचे, पाण्यात दिसू नये इतके बारीक. त्यांनी सांगितले की आजोबांच्या काळी जाळी सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत. नायलॉन आले तेव्हा ते कष्ट संपले. पण नायलॉन कुजत नाही हाच त्याचा दोषही आहे. तुटून तळाशी राहिलेले जाळे वर्षानुवर्षे मासे मारत राहते आणि ते कोणाच्या ताटात पोचत नाहीत. सूतवाल्यांनी लक्षात घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

आणखी एक बाब नमूद करावीशी वाटते. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो. बहुधा तो मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. तेव्हा हौशी माणसाने काठी-गळ घेऊन कुठेही बसू नये, आधी स्थानिकांना विचारावे. आम्ही दादांना विचारले. ते हसून म्हणाले, “बसा की चाचा, गळाने धरण रिकामे होत नाही.”

भाच्याने कणकेच्या गोळ्या लावून दोन तास गळ टाकला. रोहू, कटला, मृगळ हे बीज सोडून वाढवलेले मासे खोल पाण्यात होते, आमच्याकडे आली ती चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली भारतात आणला गेला आणि आता जवळजवळ प्रत्येक धरणात आहे. पिल्ले भराभर वाढतात, गावच्या माशांची जागा घेतात. या खोऱ्याचा खरा मानकरी महाशीर. इंग्रज अधिकारी साइक्स याने १८३९ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. नद्या अडल्या, गढूळ झाल्या आणि हा मासा दुर्मीळ झाला. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळ १९७० च्या दशकापासून त्याची पैदास केली जाते. तेथून अनेक राज्यांत बीज गेले आहे. कोणाच्या गळाला महाशीर लागलाच तर त्याने तो पाण्यात परत सोडावा.

दादांच्या घरून जेवण आले. इंद्रायणीचा मऊ भात, चिलापीचे कालवण आणि तांदळाची भाकरी. खलीफा जेवता जेवता तंबूच्या शिवणीवरून बोट फिरवत होते. आमच्याकडे मात्र पाहत नव्हते.

रात्रीचा निकाल

मगरिबनंतर पूर्वेकडे विजा चमकू लागल्या. परतीचा पाऊस असा अचानक येतो, वारा आणि कडकडाट बरोबर घेऊन. रात्री बारानंतर सरी सुरू झाल्या. पहिला अर्धा तास तंबू कोरडा होता. आम्ही मनात म्हटले की कॅम्पवाला खोटा. मग वारा फिरला. छताचे कापड फडफडून ताणले गेले आणि कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. मग सतरंजीची एक बाजू ओली झाली.

खलीफांनी बॅटरी पेटवून छतावर धरली आणि प्रथमच सगळे बोलले. “शेठ, नीट बघा. कापड कोरडे आहे. टाका रडतो आहे. हे लेप दिलेले पॉलिस्टर आहे. यात सुई गेली की भोक तसेच राहते. सुती कॅनव्हास भिजला की धागा फुगतो, भोक बुजते. म्हणून आमच्या बापजाद्यांच्या कनाती गळल्या नाहीत. मी तुम्हाला दुकानात म्हटले होते की छताच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवावी लागेल. तुम्ही म्हणालात, परवडत नाही.”

आम्हाला आठवले. शब्द न् शब्द आठवला. ऑर्डर मिळवण्यासाठी आम्ही भाव खाली आणला होता. भिंतींना कॅनव्हास ठेवून छताला सुरतेचे हलके लेपाचे कापड दिले. पट्टीचा खर्च वाचवला. दोराही आमच्याच दुकानातला जुना सुती दिला. पॉलिस्टरच्या छतावर सुती दोरा म्हणजे दिव्याची वातच, बाहेरचे पाणी शोषून आत आणणारी. एवढे सगळे करून नुकसान टाकले ते कोणाच्या माथी? पाच मशीनवर घर चालवणाऱ्या माणसाच्या.

खलीफांनी आपली चूकही लपवली नाही. मंडपाच्या कामात तीन दिवसांनी कापड उतरायचे असते, म्हणून हाताला लांब टाक्याची सवय. जाड सुई, भराभर काम. काठावरच्या वाऱ्यात तो टाका ताणून भोक मोठे होते. “ते माझे,” ते म्हणाले, “पण कापड आणि दोरा माझा नव्हता.”

पहाटे पाऊस थांबला तेव्हा तंबूच्या आतल्या भिंतीही ओल्या होत्या, शिवणीपासून दूरसुद्धा. ती गळती नव्हती. तिघा माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर जमली होती. झरोके ठेवले नाहीत तर हे होणारच. कॅम्पवाल्याच्या तक्रारीत ही वाफही गळती म्हणून मोजली गेली असणार.

कापडाचा हिशेब

आता जे शिकलो ते थोडक्यात.

सुती कॅनव्हास उत्तम, पण जड. नवा तंबू वापरण्यापूर्वी एक-दोनदा पूर्ण भिजवून कडक वाळवावा म्हणजे धागे फुगून बसतात. ओला असताना आतून हात लावू नये, तेथून पाझर सुरू होतो. ओला घडी केला तर आठवडाभरात बुरशी धरतो.

लेपाचे पॉलिस्टर हलके आणि स्वस्त. त्यावर ‘१९० टी’ असा आकडा असतो. तो एका इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची बेरीज सांगतो, पाणी अडवण्याची ताकद नव्हे. पाण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो: कापडाने किती उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलला तेवढा. माल घेताना हे दोन्ही आकडे वेगळे विचारावेत. शिवण दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी घालावी, सुई बारीक, दोरा पॉलिस्टरचा, टाका लहान आणि शिवणीवर आतून पट्टी किंवा ब्रशने लावायचा लेप. ही पट्टी गरम हवेच्या मशीनने बसते. प्रत्येकाने ते मशीन घेण्याची गरज नाही, चार-पाच कारागीर मिळून एक घेऊ शकतात.

ताडपत्रीत फसवणूक वजनात होते. १२ बाय १८ फुटी ताडपत्री म्हणजे सुमारे २० चौरस मीटर. ती २०० जीएसएम म्हणून विकली जात असेल तर काट्यावर ४ किलो भरली पाहिजे. तीन किलो भरली तर ती दीडशेची आहे. काटा खोटे बोलत नाही.

आपल्या कारागिरांसाठी वाव कोठे

तयार घुमटी तंबू चीनहून आणि मोठ्या कारखान्यांतून इतके स्वस्त येतात की पाच मशीनवाल्याने भावात त्यांच्याशी टक्कर देऊ नये. मोठे कॅनव्हासचे तंबू राजस्थानकडचे कारागीर पिढ्यान् पिढ्या बनवत आले आहेत. मग आपल्याला काय उरते? त्या सकाळी आम्ही आणि खलीफा काठावरच्या चार-पाच कॅम्पांतून फिरलो आणि वही काढून लिहून घेतले. जवळजवळ सगळीकडे चेन तुटलेले तंबू एका कोपऱ्यात पडले होते. एका चेनीसाठी अख्खा तंबू फेकला जातो, कारण दुरुस्त करणारा जवळ कोणी नाही. शिवाय जेवणाच्या जागेला कनाती, तंबूखाली घालायच्या जाड चादरी, गाद्यांच्या धुता येणाऱ्या खोळी, उशांचे अभ्रे, रजया, तंबू ठेवायच्या पिशव्या आणि छतावर टाकायचे जादा आवरण. यातले एकही काम असे नाही जे आपल्या मोहल्ल्यातला शिवणारा किंवा गादीवाला करू शकत नाही.

आणि मोसमाचे गणित पाहा. मंडपवाल्यांचे काम लग्नसराईत असते, पावसाळ्यात मशीन झाकून ठेवावी लागते. तंबूंच्या दुरुस्तीचा काळ नेमका तोच. ऑक्टोबरला कॅम्पचा मोसम बहरतो, तेव्हा तंबू पावसाळ्यातच नीट व्हायला हवेत. रिकाम्या चार महिन्यांना काम मिळणे ही काही लहान बरकत नाही. ‘कनात’, ‘शामियाना’ हे शब्द ज्या हुन्नराने या देशाच्या भाषांत रुजवले, त्या हुन्नराचे वर्णन अबुल फजलने आईन-ए-अकबरीत फर्राशखान्याच्या प्रकरणात करून ठेवले आहे. शहाजहानचा म्हणून ओळखला जाणारा लाल तंबू आजही जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यात जपलेला आहे. आमच्या खलीफाची बोटे त्याच वंशाची. त्यांना फक्त नवे कापड समजून घ्यायचे आहे, आणि आम्हाला त्यांचे ऐकून घ्यायचे आहे.

उधारीविषयी

जबानी करार ही आमची दुसरी चूक. कारागीर बंधूंनी उद्यम नोंदणी अवश्य करावी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, दलालाला पैसे देऊ नयेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याजाची तरतूद आहे आणि तक्रारीसाठी राज्यात सुविधा परिषद आहे. व्याज घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मुद्दल वेळेवर मागण्याचा हक्क कागदावर असलेला बरा. हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आहे, नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्यासारख्या व्यापाऱ्याला नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत खलीफा आमच्यापेक्षा भक्कम जागी उभे आहेत. त्यांनी मनात आणले असते तर तक्रार आमच्याच विरुद्ध झाली असती.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

कुटुंब घेऊन काठावर जाणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. धरणाच्या पाण्यात पोहायला उतरू नका. पाण्याखाली जुनी शेते, विहिरी आणि गाळ आहे. काठ एकाएकी खोल होतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण पाहता पाहता वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. वरच्या डोंगरात पाऊस झाला की खालचे पाणी सांगून वाढत नाही. विजा होत असतील तर उघड्या जमिनीवरच्या तंबूत बसू नका, पक्क्या घरात जा. आणि थंडी वाजते म्हणून पेटलेली शेगडी बंद तंबूत कधीही नेऊ नका. निखाऱ्याच्या धुराला वास नसला तरी तो झोपेत जीव घेतो. कचरा परत आणा. ज्यांच्या अंगणात आपण उतरतो त्यांनी जमीन देऊन हे पाणी उभे केले आहे.

हिशेब

रविवारी दुपारी हिंजवडीच्या चौकातल्या गर्दीत गाडी अडकली होती, तेव्हाच आम्ही खलीफाच्या हातात अडकवलेली मजुरी ठेवली. अकराही तंबूंना लहान टाक्याची नवी शिवण, आतून पट्टी आणि वरून जादा आवरण घातले. त्याची मजुरी आणि माल आमच्या खाती. कॅम्पवाल्याने ते परत घेतले. जागाही बदलली, झाडांच्या आडोशाला. उरलेल्या पैशांपैकी निम्मे आले आहेत, निम्मे अजून यायचे आहेत. या ऑर्डरीत आम्हाला नफा झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण जूनपासून खलीफाकडे दुरुस्तीचे तंबू येऊ लागले आणि पावसाळ्यात पाचही मशीन चालू राहिल्या.

बांधवांना सांगणे एवढेच की, जो माल आपण विकतो तो एकदा स्वतः वापरून पाहावा. रजई विकणाऱ्याने एक रात्र तिच्यात झोपावे, छत्री विकणाऱ्याने एकदा पावसात जावे. आणि मालात खोट निघाली तर कारागिराची मजुरी कापण्यापूर्वी आपण त्याच्या हातात काय दिले होते, हे आधी आठवावे.